साखळीचं दुसरं टोक

विट्यात कुणाला 'पुण्याला जाऊन आलो' म्हटलं, की पहिला प्रश्न येतो, "कुणाचं ऑपरेशन होतं?" नाही म्हटलं, की दुसरा, "मग कोर्टाचं काम?" माझ्या पुण्याच्या मुक्कामाला यातलं कुठलंच कारण नव्हतं. मी अमेरिकन फुटबॉल बघायला गेलो होतो. हे खरं उत्तर दिलं, की समोरचा क्षणभर माझ्याकडे बघतो आणि आवाज उतरवून माझ्या तब्येतीची चौकशी करतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहून काढावं. जो विचारील त्याच्या हातात कागद देता येईल.

मी मोजणीदार. भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं जमिनी मोजल्या. आता मोजणी यंत्रावर होते, उपग्रह वरून बघतो म्हणे. माझ्या वेळी तेहतीस फुटांची लोखंडी साखळी होती. एक माणूस पुढचं टोक घेऊन चालायचा, दुसरा मागचं टोक खुंटीशी धरून बसायचा. जुन्या साखळ्या मोडीत निघाल्या तेव्हा एक मी साहेबांना विचारून घरी आणली. माझ्या बायकोनं तिच्यावर बरीच वर्षं कपडे वाळत घातले. ती गेल्यावर मी साखळी उतरवली, तेल लावलं आणि पिशवीत ठेवली.

माझा पुतण्या सुजित, म्हणजे धाकट्या भावाचा, वसंताचा मुलगा, कबड्डीत चढाई करतो. पुण्यात या परदेशी खेळाची लीग सुरू झाली होती आणि दुसऱ्या वर्षाच्या निवडीत सुजितचं नाव लागलं. साखर कारखान्यातली हंगामी नोकरी सोडून तो निघाला. लागलेलं नाव टिकेलच असं नव्हतं. छावणीत प्रत्येक संघाचे साठ जण, सरावाच्या शेवटी त्यातले चाळीस ठेवणार, उरलेल्या वीस जणांनी आपापल्या गावाची एसटी धरायची. वसंताच्या उसाला तोड आलेली. तो माझ्या दारात येऊन, उंबऱ्याकडे बघत म्हणाला, "दादा, तू जा त्याच्याबरोबर. तुला चार लोकांत बोलाय येतं."

आमचं भांडण नाही. पण वाटणी झाल्यापासून, म्हणजे वीस वर्षं, आमच्यात कामापुरतं बोलणं उरलंय. ते का, याचं कारण फक्त मला ठाऊक आहे, असं मी धरून चाललो होतो.

मी लगेच हो म्हटलं ते मात्र वसंतासाठी नव्हे. सुजित सांगत होता, "आप्पा, या खेळात साखळी असती. मैदानात आणून मोजत्यात." हे ऐकल्यावर मला राहवेना. माझी साखळी मी पिशवीत घातली. हसायचं तर हसा.

कात्रज

पहाटेची एसटी. सुजितचं डोकं माझ्या खांद्यावर आणि खिडकीबाहेर पौषातलं धुकं. बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा खाली शहर असायला हवं होतं, पण तिथे नुसतं पांढरं पसरलं होतं. त्यात कुठे पाण्याची टाकी, कुठे एखाद्या इमारतीचे वरचे दोन मजले. आमची गाडी त्या पांढऱ्यात उतरू लागली आणि मला वाटलं, आता कुठलाच आवाज होणार नाही, आपण असेच उतरत राहू. जन्मभर मी हद्दी कायम करत आलो. इथे एकाही वस्तूला हद्द नव्हती, आणि मला ते आवडलं याचं नवल वाटलं.

उतार संपला तिथे आम्ही उतरलो. डेअरीच्या केंद्रावर गरम दूध मिळत होतं. सुजित चार पेले प्यायला, मी एक. दुधाच्या गाड्या धुक्यातून यायच्या, क्रेट उतरवायच्या, पुन्हा धुक्यात जायच्या. आमच्याकडे दूध माणसाच्या हातातून येतं, त्याच्या पायाखालचा चिखलसुद्धा ओळखीचा असतो. इथे ते ढगातून उतरत होतं.

कसबा पेठ

सुजितला वाघोलीच्या वसतिगृहात जागा होती. माझी सोय कसब्यात, जोगळेकरांकडे. आम्ही दोघं एकाच वर्षी खात्यात लागलेले, प्रशिक्षणाला एका खोलीत राहिलेले. त्यांचं घर तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या आळीत, एका दुकानाच्या वर. दार उघडून त्यांनी माझ्याकडे, मग पिशवीकडे बघितलं.

"या. किती दिवस आहात? नाही, हाकलत नाहीये. दूधवाल्याला एकदाच सांगितलेलं बरं."

"सहा दिवस."

"आणि हे पिशवीत काय वाजतंय?"

"साखळी."

"अहो, आमचं कुलूप चांगलं आहे," ते म्हणाले आणि आत चहा टाकायला गेले.

त्या आळीतली सकाळ मी विसरणार नाही. आधी एक हातोडा. ठण्‌. मग थांबून दुसऱ्या दुकानातून दुसरा. हळूहळू सगळी आळी ठोके देऊ लागायची आणि मी अर्धवट झोपेत पडून ऐकायचो. कुणी घाई करत नव्हतं. पातेल्याच्या बुडाला एकेक ठोका ओळीनं, शेजारी शेजारी, मध्ये रिकामी जागा न सोडता. खाली जाऊन बघितलं तर कारागीर डोळे मिटून बसल्यासारखा ठोकत होता. मी विचारलं, "मोजता का?" तो म्हणाला, "हाताला कळतं."

वाघोली

नगर रस्त्यानं शहर बसनं वाघोलीला जायला दीड तास. एका बाजूला बारा-बारा मजली इमारती, त्यांच्या पायाशी कांद्याचे वाफे. मैदान म्हणजे गुलाबराव नावाच्या शेतकऱ्याची जमीन, लीगनं भाड्यानं घेतलेली. गुलाबराव साठीचे, पटका बांधलेले, आणि लीगचा टी-शर्ट घातलेले. जमीन भाड्यानं दिली तरी त्यांचा पाय तिथून निघत नव्हता, म्हणून लीगनं त्यांनाच मैदानाचा मुकादम करून टाकलं होतं.

पहिल्याच दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. मैदानावर फक्कीच्या रेघा मारणारा माणूस गावाला गेला होता. मी बाजूला बसून होतो. गुलाबराव आले. "पाव्हणं, मोजणीवालं हाय म्हणं तुम्ही? दर धा यार्डावर एक रेघ पायजे. जमंल का?"

मला जमेल का! साखळी काढली, खुंट्या मागवल्या, आणि तासाभरात बारा खण आखून मोकळा झालो. काटकोन असे, की बघत राहावं. दुपारी सराव सुरू झाला आणि पोरांना धाप लागायला लागली. सुजितच्या संघाचे परदेशी प्रशिक्षक शिट्ट्या मारून थकले. शेवटी गुलाबराव पळत माझ्याकडे आले. "ओ मोजणीवालं! तुमच्या शेवटच्या रेघा माझ्या मेथीत गेल्यात की!"

दहा यार्ड म्हणजे तीस फूट. माझ्या हातानं सवयीनं प्रत्येक खणाला अख्खी साखळी टाकली होती, तेहतीस फूट. बारा खणांत मिळून मैदान छत्तीस फूट वाढलं होतं. मी मान खाली घालून उभा राहिलो. तेवढ्यात टेप घेऊन एक उंच, पिकल्या मिशांचा माणूस आला. हे थॉमस सर, पुणे संघाचे प्रशिक्षक. मूळचे केरळचे, पण पंचवीस वर्षं पुण्यात. त्यांनी बाराही खण मोजले आणि हसत म्हणाले, "सगळे तेहतीस. एक इंच इकडे नाही, एक इंच तिकडे नाही. इतकी सारखी चूक मी पाहिली नाही. ह्या माणसाच्या हातात आपली साखळी द्या."

असा मी त्या खेळात शिरलो. खेळाचं मूळ सोपं आहे. चेंडू हातात घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांना. सरकलात की नाही याची शंका आली, की बाजूच्या रेषेवरून दोन माणसं दोन काठ्या घेऊन मैदानात येतात. काठ्यांच्या मध्ये तीस फुटांची साखळी. एका काठीवर गुलाबराव, दुसरीवर मी.

आठ पेले

तिसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या खानावळीत जेवताना मी थॉमस सरांना विचारलं, की या लीगची मांडणी काय. सुजितच्या शर्टावर हैदराबाद लिहिलेलं, आणि तो झोपतो वाघोलीत. हे काय गौडबंगाल?

सरांनी टेबलावर आठ स्टीलचे पेले उपडे मांडले. चार इकडे, चार तिकडे. "आठ संघ. पूर्व गट, पश्चिम गट. नावं शहरांची, पण यंदा सगळे इथेच राहणार, इथेच खेळणार. आपल्या गटातल्या तिघांशी दोन-दोन सामने, पलीकडच्या चौघांशी एकेक. दोन्ही गटांतले पहिले शेवटी एकमेकांशी. प्रत्येकाकडे सारखीच माणसं, सारखाच खर्च. कुणी जास्त देऊन सगळे चांगले खेळाडू पळवायचे नाहीत."

"मग चांगला खेळाडू कुणाला, हे ठरवतं कोण?"

त्यांनी टोकाचा एक पेला सुलटा केला आणि त्यात पाणी ओतलं. "गेल्या वर्षी जो शेवटचा आला, तो पहिला निवडणार. मग त्याच्या वरचा. जिंकलेला सगळ्यांत शेवटी."

"गेल्या वर्षी शेवटचं कोण?"

"आम्ही," सर म्हणाले. "पुणे."

ही बातमी मी त्याच संध्याकाळी जोगळेकरांना दिली, तेव्हा ते म्हणाले, "घरच्या मैदानावर शेवटचं यायला अंगी गुण लागतो."

पण त्या दुपारी मी पेल्यांकडेच बघत बसलो होतो. कारण ही रीत माझ्या ओळखीची होती. मी सरांना सांगितलं, की आमच्याकडे भावांची वाटणी अशीच होते. थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला आपसूक सारखे वाटे करतो.

"मग लीग तुमच्या गावात आधीपासून आहे," सर हसले. "तुमच्या धाकट्यानं कुठला उचलला?"

"त्यानं उचलला नाही. म्हणाला, दादा, तू मोजणारा माणूस. तूच दे."

"मोठ्या मनाचा माणूस," सर म्हणाले आणि भात कालवू लागले.

पुढचं मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो. आमच्या मळ्याच्या मध्यावर आईनं लावलेली चिंच आहे. बरोबर मोजलं असतं तर ती वसंताच्या वाट्यात दोन हात आत जात होती. मला ती हवी होती. मागायला जीभ उचलली नाही. मोजणीच्या दिवशी पुढचं टोक माझ्याकडे होतं. मागचं टोक वसंतानं धरलेलं. साखळी ताणली नाही तर जमिनीवर झोळ पडतो आणि तेवढी जमीन ती खाते. वसंताच्या वाट्याची शेवटची साखळी मी ढिली टाकली आणि खुंटी ठोकली. चिंच माझ्या बाजूला आली. वसंता साखळीभर अंतरावरून म्हणाला, "झालं?" मी म्हटलं, "झालं." तेव्हापासून त्या झाडाची चिंच मी कधी आमटीत घातलेली नाही.

मागे वळणारा

सुजितचं चाललं होतं बरं. फार बरं. चेंडू काखेत दाबून तो माणसांतून असा निसटायचा, की परदेशी प्रशिक्षकाच्या तोंडातली शिट्टी तोंडातच राहायची. एकच खोड. कबड्डीत पलीकडे जायचं, शिवायचं आणि जीव गेला तरी मधल्या रेषेला परत यायचं. त्यामुळे अंगाला परक्याचा हात लागला, की सुजित गर्रकन मागे वळून आपल्याच बाजूला पळत सुटायचा! पहिल्या दिवशी सगळे पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी हसणं कमी झालं. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी त्याला बाजूला घेतलं.

"आप्पा, डोक्याला कळतंय," तो मला म्हणाला, "पायांना कळंना."

"किती वर्षांची सवय?"

"चौदा."

"मग चार दिवसांत कशी जाईल?"

"पाचव्याला सामना हाय की," तो म्हणाला.

मी त्याला कसब्यात घेऊन आलो, जोगळेकरांनी श्रीखंड आणलं. त्यांनी सुजितला आग्रह करून वाढलं आणि म्हणाले, "खा. परत मागितलंस तरी मागे वळून बघणार नाही मी." सुजितला हसू आलं. खाली ठोके चालू होते. तो खिडकीशी बसून ऐकत राहिला, आणि जरा वेळानं भिंतीला टेकून झोपला. उन्हाची तिरीप त्याच्या पायांवर होती आणि झोपेत त्याचे पाय हलत होते. कुठल्या दिशेला पळत होता कोण जाणे.

तीस फूट

पाचव्या दिवशी सराव सामना, हैदराबाद विरुद्ध पुणे. यानंतर यादी लागणार. धुकं उशिरापर्यंत विरलं नव्हतं. पलीकडच्या इमारती दिसत नव्हत्या, खेळाडू पांढऱ्यातून यायचे आणि पांढऱ्यात जायचे. माणसं आपटल्याचा आवाज तेवढा खरा वाटायचा.

शेवटची काही मिनिटं. हैदराबादचा चौथा प्रयत्न, अजून तीन यार्ड हवे होते. चेंडू सुजितकडे. तो एका बगलेखालून निघाला, दुसऱ्याला चुकवून पुढे गेला. आमच्या पुढच्या काठीच्या पार गेलेला मी या डोळ्यांनी बघितला. तेवढ्यात कुणाचा तरी हात त्याच्या खांद्याला लागला. आणि तो वळला. एक पाऊल, दुसरं पाऊल, आपल्या बाजूला. तिसरं टाकायच्या आत तिघे त्याच्या अंगावर पडले.

पंचांनी शिट्टी मारली आणि आमच्याकडे हात केला. साखळी.

आम्ही मैदानात गेलो. यावेळी मागची काठी माझ्याकडे होती, पुढची गुलाबरावांकडे. मी खुणेवर काठी रोवली. गुलाबराव साखळी घेऊन पुढे चालले, चेंडूपाशी थांबले, आणि काठी टेकवली. चेंडूचं नाक काठीच्या जरासं पुढे दिसत होतं. हैदराबादच्या पोरांनी हात वर केले.

"झालं," गुलाबराव म्हणाले.

पण माझ्या हातात साखळी ढिली होती. झोळ गवतात दडलेला, बघून कुणाला कळला नसता. पण तळहाताला कळला, लगेच. मी गुलाबरावांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते. माझा पुतण्या आहे हे त्यांना ठाऊक होतं. मायेनं केलं होतं त्यांनी, जमीन कसणाऱ्या माणसानं.

गप्प बसलो असतो तर सुजित वाचला असता. तो गुडघ्यांवर बसून साखळीकडे बघत होता.  

"गुलाबराव," मी म्हटलं, "ताणा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग काठी उचलली, ओढली. साखळी गवतातून वर आली. चेंडू काठीच्या चार बोटं अलीकडे राहिला.

थांबण्याचा दिवस

सहाव्या सकाळी यादी लागली. सुजितचं नाव वगळलेल्यांत होतं. थॉमस सरांनी नियम समजावून सांगितला. वगळलेल्याचं नाव एक दिवस सगळ्या संघांपुढे फिरतं. गेल्या वर्षीच्या शेवटच्या संघाला पहिलं विचारतात, मग त्याच्या वरच्याला, असं करत जिंकलेल्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत कुणी हात वर केला नाही, तर घरचा रस्ता. "आता मी काही बोलू शकत नाही," सर म्हणाले आणि मान खाली घालून निघून गेले. मी त्याचा अर्थ नकार असाच घेतला.

मी मुक्काम एक दिवसानं वाढवला. जोगळेकर म्हणाले, "दूधवाल्याला पुन्हा सांगावं लागणार," आणि स्वतः खाली जाऊन सांगून आले.

दुसऱ्या सकाळी सुजित आणि मी पेठेत चालत राहिलो. बुरूडांच्या टोपल्या, देवळाबाहेर झेंडूचे ढीग, बोळ संपला असं वाटावं तिथे अंग चोरून दुसरा बोळ निघालेला. दोघांच्याही खिशात मोबाइल होते आणि आम्ही दोघंही त्यांना हात लावत नव्हतो.

"माझ्यामुळं गेलं तुझं," मी म्हटलं.

"काय तरीच, आप्पा. मागं मी वळलो. साखळीनं काय केलं?" थोडं चालून तो म्हणाला, "पण एक इचारू? गुलाबरावांनी ढील दिली ती पंचाला दिसली न्हाई, मला दिसली न्हाई. तुम्हास्नी एवढ्या लांबनं कळली कशी?"

"अरे, हातात टोक असल्यावर कळतंच. मागचं टोक धरणाऱ्याला तर आधी कळतं."

हे बोललो आणि मी बोळाच्या मधोमध उभा राहिलो. पाठीमागून सायकलवाला घंटी वाजवत होता. मागचं टोक वसंताच्या हातात होतं. साखळीभर अंतरावरून तो 'झालं?' म्हणाला होता. मोजणी आवरायची घाई म्हणून म्हणाला, असं मी वीस वर्षं समजत होतो.

"काका, रस्ता विकत घेतलाय का?" सायकलवाला म्हणाला. सुजितनं माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. तांबटांच्या आळीतून ठोके येत होते. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

फोन अकराला आला. थॉमस सरांचा. सुजितनं तो ऐकला आणि माझ्याकडे दिला.

"नारायणजी, आम्ही शेवटचे, म्हणून आम्हाला पहिलं विचारलं. मी हो म्हटलं. कालच ठरवलं होतं, पण आधी सांगायचा नियम नाही."

"तो मागे वळतो, सर."

"वळू दे. काठीपलीकडे पोचल्याशिवाय कुणी वळतं का? पुढचं मी शिकवतो."

जोगळेकरांनी सुजितच्या हातावर साखर ठेवली. "पुण्याच्या संघात! अभिनंदन. हरायचा सराव आम्ही देऊ," म्हणाले, आणि मला एसटीपर्यंत सोडायला आले. पिशवी त्यांनीच उचलली होती. वाटभर ती वाजत होती.

विटा

वसंता मळ्यात होता. तोड संपली होती, रान मोकळं पडलं होतं. मी बांधावर जाऊन उभा राहिलो.

"पोरगं ऱ्हायलं म्हणं," तो म्हणाला. "फोन आलता."

"हो." मग मी एका दमात म्हणालो, "वसंता, वाटणीच्या दिवशी साखळी ढिली होती."

तो पाचट गोळा करत होता, ते करतच राहिला. "हुती की."

"तुला कळलं होतं."

"मागलं टोक माझ्याच हातात हुतं, दादा."

"मग बोलला का नाहीस?"

त्यानं पाचट खाली ठेवलं. "आईचं झाड. तुला पायजे हुतं. मागितलं असतंस तर दिलं असतं. म्हटलं, मागंल कवा तरी. वाट बघत हुतो."

मला रडू आलं. लपवलं नाही. वसंता कमरेवर हात ठेवून उभा राहिला, मग पाण्याची कळशी आणून माझ्यापुढे ठेवली. तोंड धुतलं आणि मी पिशवीतून साखळी काढली, बांधावर पसरली.

"वीस वर्षं उशीर झाला," मी म्हटलं, "पण रीत रीत असते. आधी तू उचल."

त्यानं साखळीच्या दोन्ही टोकांकडे बघितलं, आणि पुढचं टोक उचललं. मी मागचं टोक जुन्या खुणेशी धरून बसलो. एकेक साखळी टाकत आम्ही मळ्याच्या मध्यावर आलो. शेवटची घेऊन वसंता चिंचेच्या दिशेनं चालत गेला. ऊन कलतं होतं, ढेकळांवर त्याची सावली लांब पडली होती, आणि मला ते वाघोलीचं धुकं आठवत होतं. चिंचेच्या अलीकडे, जुन्या खुंटीपाशीच तो थांबला आणि वाकला.

"झालं," तो म्हणाला.

माझ्या तळहातात साखळी ढिली होती.

"वसंता," मी ओरडलो, "ताण."

"असू दे की, दादा."

"ताण म्हणतो ना!"

त्यानं ओढली. साखळी ढेकळांवरून उचलली गेली आणि चिंच दोन हात आत, त्याच्या रानात गेली. मग वसंताच्या बायकोनं बांधून दिलेली भाकरी सोडून आम्ही दोघं झाडाखाली बसलो. मी थोडा सरकून बसलो, कारण सावली आता त्याची होती.